होमानंतरच्या शिव्या

शिव्यांचं मला वावडं नाही, हे आधीच सांगून टाकते. रत्नागिरीपासून तासाभरावर, कातळावरच्या एका गावात मी वाढले. आमच्याकडे बैलाला, जावयाला आणि वेळेवर न आलेल्या एसटीला एकाच तोंडानं शिव्या घालतात आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. तेव्हा बाई आहे, नाजूक आहे, दोन शब्द ऐकून बिथरली असं कुणी समजू नये. मी बिथरले ती वेगळ्या कारणानं, आणि अजून शांत झालेली नाही. लोक म्हणतात, जाऊ दे गं, किती वर्षं झाली. का म्हणून जाऊ दे? त्यांनी माझ्या बहिणीला जाऊ दिलं होतं का?

कारण सांगायचं तर अठ्ठ्याण्णव सालच्या शिमग्यापासून सुरुवात करावी लागेल. मी तेव्हा अकरावीत होते. शिमग्याला आमच्या देवळासमोर होम पेटतो. होम म्हणजे आमची होळी. तो पेटला की गावातले पुरुष त्याच्याभोवती फिरत फाका घालतात. फाका म्हणजे सगळ्या गावानं मिळून, सुरात, ओरडून दिलेल्या शिव्या, आणि त्यासुद्धा अगदी कमरेखालच्या. बायका लांब बांधावर उभ्या राहून ऐकतात आणि तोंडाला पदर लावून हसतात. त्या वर्षी पाळी माझ्या वडिलांची आली. ते मुंबईला एका छापखान्यात कामाला होते आणि त्या शिमग्याला चाकांची बॅग घेऊन आले होते. थांब्यापासून घरापर्यंत कातळावरून ती बॅग त्यांनी ऐटीत ओढत आणली, आणि घर येईपर्यंत तिची चाकं निखळली. झालं! गावाला तेवढंच पुरलं. चाकांवरून सुरुवात झाली आणि वडिलांचं आणखी काय काय निखळलंय ते सगळं होमाभोवती गाऊन झालं. आमचा शेजारी पुढं होऊन एकेक ओळ म्हणायचा आणि बाकीचे ती उचलून धरायचे.

मला रडू फुटलं. आणि सकाळी बघते तर तोच शेजारी आमच्या ओटीवर बसून वडिलांबरोबर चहा पितोय. मी त्याच्यापुढं दुसरा चहा न्यायला साफ नकार दिला, वर कप आपटला. तो गेल्यावर वडिलांनी मला बोलावलं. रागावले नाहीत. म्हणाले, बाय, फाकेलापण रीत असते. मी तिथं उभा होतो, मला ऐकू येत होतं आणि बोलणारा कोण ते दिसत होतं. गावच्या लेकीचं नाव फाकेत कुणी घेत नाही. आणि होमात शेवटचा नारळ पडला की सगळ्यांची तोंडं बंद. त्याच्यानंतर जो बोलेल त्याचा शिमगा नसतो, त्याच्या मनातच घाण असते. मग हसून म्हणाले, पुढच्या वर्षी त्याची पाळी आहे, मी आत्तापासून विचार करून ठेवलाय.

त्यानंतर पाचेक वर्षांनी वडील गेले. मी रत्नागिरीत मावशीकडे राहून नोकरीला लागले. एसटी स्टँडमागच्या एका गाळ्यात नेट कॅफे होता, त्याच्या काउंटरवर. मालकाचे भाऊ आखातात होते, त्यांनी पाठवलेल्या पैशांतून तो उभा राहिलेला. आत प्लायवूडची खोकी, प्रत्येकात एक कॉम्प्युटर आणि एक हेडफोन. दुपारी मिरकरवाड्याकडच्या बायका यायच्या, दुबईला, कतारला असलेल्या नवऱ्यांशी बोलायला. मुलाचा ताप, सासूचे गुडघे, घराची राहिलेली कौलं असलं सगळं हळू आवाजात बोलायच्या आणि डोळे पुसत बाहेर यायच्या. संध्याकाळी त्याच खोक्यांत पोरं येऊन बसायची. त्यांचं मला नुसतं खिदळणं ऐकू यायचं. ती काय लिहितात ते बघायला मी कधी गेले नव्हते.

तेव्हा एक साईट होती, जो तो तिच्यावर. आता ती बंद पडली. तिच्यावर गावागावांच्या कम्युनिट्या निघाल्या होत्या. आमच्या गावाची माझ्या चुलतभावानं काढली. तो मुंबईत वाढलेला, कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला, बोलायला एकदम लाघवी. त्याचे वडील, म्हणजे माझे काका, गावच्या मुंबई मंडळाचे सेक्रेटरी. वडील गेल्यापासून आमच्या घरातला शेवटचा शब्दही त्यांचाच होता. कम्युनिटीवर देवळाचे फोटो यायचे, मोहोराचे यायचे, पालखीचे यायचे. दुबईतला कुणी लिहायचा की इथं फणस मिळत नाही, त्याला मुंबईतले चिडवायचे. सुरुवातीला मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

माझी धाकटी बहीण तेव्हा दापोलीला शेतीच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती. मी बारावीनंतर थांबले होते, तेव्हा घरातली पहिली पदवी तिचीच व्हायची होती. ती बोलायची कमी, पण बोलली की बरोबर लागायचं तिथं लागायचं. त्या हिवाळ्यात मुंबई मंडळानं गावाच्या वेशीवर सिमेंटची मोठी कमान बांधायचं ठरवलं. कम्युनिटीवर तिचं चित्र टाकलं, वर दोन सिंह बसलेले. खाली वाहवा सुरू झाली. आमच्या गावाची विहीर उताराच्या तळाशी आहे, आणि माघ संपला की पाणी खाली जातं, बायका डोक्यावर हंडे घेऊन ती चढण चढतात. माझी आईसुद्धा चढायची. तर बहिणीनं त्या सिंहांच्या खाली, स्वतःच्या नावानं, स्वतःचा फोटो लावलेल्या खात्यावरून लिहिलं: ‘वर्षातून आठ दिवस येणारे कमान ठरवतात. वर्षभर विहिरीची चढण चढणाऱ्या बायकांना कुणी विचारलं का? आधी विहिरीवर पंप बसवा, मग सिंह बसवा.’

एवढंच. हवं तर पुन्हा वाचा. यात कुणाची आई काढलेली नाही, कुणाची बहीण काढलेली नाही.

पहिलं उत्तर आलं ते वाघाचं चित्र लावलेल्या कुणाकडून. नाव अर्थातच खोटं. दापोलीला शिकायला गेलीस की भलतंच काही करायला, असं त्यानं विचारलं. दुसऱ्यानं तलवारीचं चित्र लावलेलं. पंपावरून तर त्याला रानच मोकळं मिळालं, ते मी इथं लिहीत नाही. तिसरा आला आणि त्यानं सरळ ‘रांड’ लिहिलं. त्याच्याखाली पाचसहा जण हसले. दोन दिवसांत पान कितीही खाली सरकवलं तरी संपेना. होस्टेलवर कुठल्या खोलीत राहते, कुणाबरोबर मोटारसायकलवर दिसली, फोटोत ओढणी का नाही. कमान, विहीर, पंप, सगळं कुठल्या कुठं राहिलं. वीस वर्षांची पोर आणि तिच्या अंगावर अख्खं गाव तुटून पडलेलं, तेही बुरखे घालून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॅफेत गिऱ्हाईक नसताना मी वाघाला उत्तर लिहिलं. काय लिहिलं ते सांगत नाही, पण वडिलांनी ऐकलं असतं तर फाकेत घेतलं असतं. नाव माझं स्वतःचं होतं. लगेच एक सभ्य गृहस्थ उगवले, सरकारी नोकरीतले, खऱ्या नावाचे. इतके दिवस कुठं होते कोण जाणे. त्यांनी लिहिलं की दोन्ही बाजूंनी भाषा जरा सांभाळावी, आणि मुलीच्या जातीला तर हे अजिबात शोभत नाही. दोन्ही बाजूंनी! मला वाघापेक्षा या माणसाचा जास्त संताप आला. वाघ निदान लपला तरी होता. याला आपलं नाव लावून हे लिहायची लाज वाटली नाही.

चुलतभावाला फोन केला. कम्युनिटी त्याची, त्याला ते सगळं पुसून टाकता आलं असतं. तो गोड आवाजात म्हणाला, ताई, मनावर घेऊ नकोस गं, पोरं आहेत, शिमगा जवळ आलाय म्हणून चढलीत. मी पुसलं तर आणखी चेकाळतील. मी म्हटलं, माघात कसला शिमगा? तो हसला. मी तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवला.

दापोलीत काय चाललं होतं ते मला उशिरा कळलं. बहिणीनं सांगितलंच नव्हतं. कॉलेजातल्या कुणीतरी ते पान उघडलं, मग सगळ्यांनी उघडलं. कँटीनमध्ये एकानं तिला तलवारवाल्यानं ठेवलेल्या नावानं हाक मारली आणि टेबलं हसली. ती प्रॅक्टिकलला जायची बंद झाली, मग मेसमध्ये जायची बंद झाली. शिमग्याच्या आठवडाभर आधी ती ट्रंकेसकट घरी आली. एवढा लांबचा प्रवास, सावर्ड्यापर्यंत तिला बसायला जागासुद्धा मिळाली नव्हती. ट्रंक माजघरात ठेवली आणि म्हणाली, मी परत जाणार नाही. उन्हाळ्यात तिची परीक्षा होती.

काकांचा फोन त्याच संध्याकाळी आला, मी रजा घेऊन घरी आले होते तेव्हा. त्यांना म्हणे मंडळात मान खाली घालावी लागली. लिहिणाऱ्यांनी नाही घातली हं मान, यांनी घातली. त्यांनी आईला सांगितलं की पोरीला घरी आणलंत ते बरं केलंत, आता परत पाठवू नका. सावर्ड्याला एक चांगलं स्थळ आहे, दुकान आहे, शिमग्याला आलो की बोलू. आई नुसती हं हं करत राहिली. मोठ्या दिरापुढं ती तेवढंच करत आली होती. मी तिच्या हातातून फोन ओढून घेणार होते, पण काकांनी तोवर ठेवला होता.

आईला कॉम्प्युटर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तिला एवढंच कळलं होतं की मुंबईतल्या पोरांनी धाकटीला शिव्या दिल्या. आणि तिनं त्याचा तिच्या परीनं अर्थ लावला. शिमगा आहे. फाका आहेत. लेकीचं नाव घेतलं ते वाईट केलं, पण आता शहरात वाढलेल्या पोरांना रीत कोण सांगणार? होम लागेल, नारळ पडेल, मग सगळं थांबेल. ती हे इतक्या खात्रीनं म्हणायची की मला वाद घालता आला नाही. धाकटी तर भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची, तिला जेवायलासुद्धा उठवावं लागायचं.

होम लागला. मुंबईकर आले, काका आले, चुलतभाऊ आला, गावात कुणाकडं नव्हता तसला नेटवाला मोबाइल मिरवत. होमाभोवती फाका झाल्या, बिचाऱ्या पोस्टमनची पाळी होती. शेवटचा नारळ आगीत पडला आणि सगळं मैदान गप्प झालं. दुसऱ्या दिवशी मला कॅफेत कामावर जावं लागलं. पालखी घरोघर फिरत आमच्या वाडीत यायच्या आदल्या दिवशी दुपारी मी परत आले. आई पोळ्यांसाठी पुरण वाटत होती. तिनं मान वर न करता विचारलं, थांबलं ना?

मी म्हटलं, नाही आई. काल रात्रीसुद्धा लिहिलंय.

तिचा हात थांबला. “होम झाल्यावर?” तिनं विचारलं.

हो, म्हटलं, होम झाल्यावर.

इतके दिवस जिला शब्दांचं काही वाटलं नव्हतं तिचा चेहरा त्या एका गोष्टीनं बदलला. पाट्यावरचं पुरण तिनं निपटून बाजूला केलं, हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

“काय काय लिवलानी ता सांग,” ती म्हणाली. “सगळा सांग. लाजू नको.”

मी लाजले. आईसमोर ते शब्द तोंडातून निघेनात. पण ती हलेना. मग मी पहिल्यापासून सांगितलं, मोटारसायकल, ओढणी, ते पंपाचं, ती शिवी. ती ऐकत राहिली. शेवटी कालचं उरलं होतं. ते वाघानं लिहिलेलं. बाप मेला आणि पोरी मोकाट सुटल्या, आईनंच धंद्याला लावल्या असतील. हे सांगताना मी तिच्याकडं बघू शकले नाही. माजघरात धाकटी जागी होती, तिनं ऐकलं होतं.

आई रडली नाही. उठली आणि पुन्हा पुरण वाटायला बसली. पण पाटा मोडेल इतक्या जोरानं. एकदाच म्हणाली की उद्या पालखी येतेय ना अंगणात. मला वाटलं, ती देवाला गाऱ्हाणं घालणार, पोरीला सुखी ठेव म्हणणार, आणि काका ते सावर्ड्याचं स्थळ ठरवून मोकळे होणार. मला तिचाही राग आला.

पालखी अंगणात आली की आमच्याकडं पहिल्यापासूनची एक रीत आहे. घरची बाई देवाची ओटी भरते, नारळ ठेवते, आणि तिला जे मागायचं असेल ते गाऱ्हाण्याचा मान असलेल्या म्हाताऱ्या गावकरांच्या कानात सांगते. गावकर तेच मोठ्यानं देवाला सांगतात, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. त्यांच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, म्हणजे घरचं मागणं ते सगळ्या गावाचं मागणं होतं. गाऱ्हाणं होईपर्यंत पालखी खांद्यावरच असते, खाली टेकवत नाहीत. आणि घरच्या बाईनं सांगितलेलं गावकरांना टाळता येत नाही. त्यांना म्हशीचं दूधही मागावं लागलंय आणि सुनेला दिवसही.

सकाळी ढोलताशे वाजत पालखी आली. पुढच्या दांड्याला उजवीकडं माझा चुलतभाऊ, कपाळभर गुलाल. मागं मुंबईचीच पोरं. काका नवा शर्ट घालून तुळशीपाशी उभे. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पोरांनी पालखी नाचवली, मग ढोल थांबले. आईनं ओटी भरली, नारळ ठेवला आणि गावकरांच्या कानाला लागली. ती बराच वेळ बोलत होती. गावकरांचा चेहरा पडला.

“बाय,” ते हळूच म्हणाले, “ह्या असला देवासमोर कसा बोलू?”

आई हळू बोलली नाही. सगळ्या अंगणाला ऐकू गेलं.

“लिवलानी तेवा देव काय गाव सोडून गेलेला?”

गावकरांनी डोक्यावरची टोपी नीट केली, हात जोडले आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात सुरुवात केली. बा देवा म्हाराजा, आज तू ह्या घराच्या अंगणात आलास. व्हय म्हाराजा! पोरांनी जोरात साद दिली. ह्या माउलीनं तुझी ओटी भरलान, ती मानून घे. व्हय म्हाराजा! हिचा घरधनी तुझ्या पायाशी आला, हिनं लेकी एकटीनं वाढवलान. व्हय म्हाराजा!

“हिच्या धाकट्या लेकीला कोणी आडून, तोंड लपवून, रांड म्हटलान.”

व्हय म्हाराजा, असं सगळे सवयीनं म्हणून गेले. म्हणून झाल्यावर आपण काय म्हणालो ते एकेकाच्या लक्षात आलं. बायकांच्या बाजूनं कुणीतरी अगं बाई म्हटलं. गावकर थांबले नाहीत.

“हिला सोताला धंदा करणारी म्हटलान. मेलेल्या माणसाचं नाव घेऊन म्हटलान. आणि होमात नारळ पडल्यावर म्हटलान.”

आता साद आली ती निम्म्या गळ्यांतून. म्हातारे होमाचं ऐकून एकमेकांकडं बघायला लागले. काकांचं तोंड उघडं राहिलं होतं, त्यातून व्हय निघालं नाही की नाय निघालं नाही. त्यांना शिव्या माहीत होत्या, पण ही शेवटची माहीत नव्हती. मेलेला बाप म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ.

“तो जर आज ह्या अंगणात उभा असंल,” गावकर म्हणाले, “तर त्यानं तुझ्यासमोर तोंडानं बोलावं. आणि बोलवत नसंल, तर देवा म्हाराजा, त्यानं तुझ्या दांड्याला खांदा लावू नये.”

कुणी व्हय म्हटलं नाही. मी एकेकाचं तोंड बघत होते. बोला रे, मनात म्हणत होते, एकानं तरी बोला. रात्री खोक्यांत बसून कसलं शौर्य चढतं तुम्हाला, आता कुठं गेलं?

मग पालखी हलली. मागच्या बाजूनं एका पोरानं खांदा काढला आणि मान घालून गर्दीत शिरला. त्याच्यामागून दुसऱ्यानं काढला. आणि मग पुढून, उजवीकडून, माझ्या चुलतभावानं. गुलालाखाली त्याचं तोंड पांढरं पडलेलं मी पाहिलं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली. वाघ आमच्याच घरातला होता. परवा रात्री गावात बसून लिहिता येईल असा मोबाइल त्याच्या एकट्याकडंच होता. त्यानंच मला फोनवर ताई म्हटलं होतं, मनावर घेऊ नकोस म्हटलं होतं, आणि त्याच हातानं माझ्या आईला धंदा करणारी लिहिलं होतं. का, तर त्याच्या बापाच्या कमानीला एका मुलीनं नावं ठेवली.

पालखी पुढून कलंडली. बायका ओरडल्या. काका पुढं धावले आणि मुलानं सोडलेल्या दांड्याखाली त्यांनी आपला खांदा घातला. मुलाकडं त्यांनी बघितलं नाही. नव्या शर्टावर गुलाल पडला, त्यांनी झटकला नाही.

तेव्हा धाकटी दारात आली. इतके दिवस माजघरात पडून राहिलेली, केस न विंचरलेली, आईची जुनी साडी नेसलेली. ती पायरीवर उभी राहिली. आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

“मी लिहिलं होतं ते हे,” ती म्हणाली. “वर्षातून आठ दिवस येणारे कमान ठरवतात. वर्षभर विहिरीची चढण चढणाऱ्या बायकांना कुणी विचारलं का? आधी पंप बसवा, मग सिंह बसवा. मी लिहिलं होतं, आता तोंडानं बोलले. तुम्ही बोला.”

गावकरांनी जरा वाट बघितली आणि मग ढोलवाल्यांना खूण केली. पालखी पुढच्या घरी गेली. चुलतभाऊ दुपारच्या एसटीनं मुंबईला निघून गेला, कुणाचा निरोप न घेता. पोळी खायलाही थांबला नाही, आणि आईनं त्याची पोळी काढून ठेवली नव्हती.

सावर्ड्याच्या स्थळाचं नाव पुन्हा निघालं नाही. दोन दिवसांनी धाकटीनं ट्रंक भरली. काकांनी ती उचलून थांब्यापर्यंत नेली. मला वाईट वाटायला हवं होतं कदाचित. नाही वाटलं. ट्रंक उचलली म्हणून माझा राग जाणारा नव्हता, आणि गेला नाही. त्यांना पोरीची बाजू तेव्हा कळली जेव्हा शिवी त्यांच्या स्वतःच्या भावापर्यंत पोचली. त्याआधी ती नुसती पोरगी होती.

आणि गाव सुधारलं वगैरे काही नाही. कमान झाली, सिंहांसकट. पंप त्यानंतर किती उन्हाळ्यांनी आला ते विचारू नका. कम्युनिटीवरचं ते पानही कुणी पुसलं नाही. ते तिथं तसंच राहिलं, साईट बंद पडेपर्यंत.

धाकटी दापोलीला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी कॅफेत कॉम्प्युटर उघडला. तिनं कमानीच्या त्याच चित्राखाली एक ओळ टाकली होती, नावानिशी, त्याच फोटोनिशी: ‘पंपाचं काय झालं?’ मी दिवसभर येता जाता ते पान बघत होते. कतारच्या नवऱ्यांशी बोलायला बायका आल्या, गेल्या. संध्याकाळ झाली, खोकी भरली, खिदळणं सुरू झालं. आणि तिच्या ओळीखाली एक उत्तर आलं. वाघ नव्हता, तलवार नव्हती, नवंच कुठलं तरी खोटं नाव. तोच जुना शब्द लिहिलेला, एकटा. मी उत्तर लिहायला घेतलं, पण तिचं आधी आलं.

‘पालखी पुढच्या वर्षीपण आमच्या अंगणात येणार आहे,’ तिनं लिहिलं होतं.

मी पान पुन्हा उघडलं तेव्हा त्याचा शब्द तिथं नव्हता. त्यानं स्वतःच पुसला होता.